एका दिवसात दोन घरे

मुंबई पाहायची म्हणजे खिसा गरम हवा, असे पुष्कळांना वाटते. ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील हजारो माणसे रोज गाडीला लोंबकळत मुंबईला जातात. पण ती जातात कामाला. ठरलेले स्टेशन, ठरलेला कारखाना किंवा कचेरी, आणि संध्याकाळी परत. मुंबई पाहायची राहूनच जाते. म्हणून पैसे न मोडता एक दिवस कसा घालवावा, ते आम्ही येथे सांगतो.

'संग्रहालय' हा शब्द आपल्याला नवा नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले. तेथे पुस्तकांचा संग्रह आहे. तसाच जुन्या वस्तूंचा संग्रह जेथे असतो, तेही संग्रहालयच. मुंबईत अशी ठिकाणे बरीच आहेत. काहींना तिकीट पडते, काहींना पडत नाही. एका दिवसात पाच-सहा ठिकाणे उरकू नयेत. पाय दुखतात, पोरे रडतात, आणि डोक्यात काही राहत नाही. दोन ठिकाणे पुरेत. आम्ही दोन घरे निवडली आहेत. पहिले दादरचे राजगृह, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घर. दुसरे गावदेवीचे मणिभवन. तेथे मुंबईच्या मुक्कामात महात्मा गांधी उतरत. दोन्हीकडे आजवर फुकट जाता आले आहे. तरी नियम व वेळा बदलतात. सणासुदीला दार बंदही असते. आदल्या दिवशी फोन करून विचारावे. घरात कोणी शिकलेले पोर असेल, तर ते मोबाईलवर नंबर शोधून देईल.

आता दिवस ठरवा. बहुतेकांना सुट्टी रविवारची. रविवारी गर्दी कमी असते, पण रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. कोणत्या मार्गावर आणि किती वाजता गाड्या बंद, ते आदल्या दिवशीच्या पेपरात छापून येते. ते स्वतः वाचावे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवशी राजगृहापाशी मोठी रांग असते. निवांत पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत.

सकाळी साडेआठ-नऊला फास्ट गाडी धरावी. तिकीट फक्त दादरपर्यंतचे काढावे. पुढचे एकदम काढू नये, कारण मध्येच बाहेर पडून दोन तास हिंडलात, तर त्याच तिकिटावर पुढे जाता येत नाही. बरोबर डबा आणि पाण्याची बाटली घ्यावी. बाहेर खाल्ले की फुकटचा दिवस महाग पडतो!

दादरला पूर्वेकडे उतरून हिंदू कॉलनीचा रस्ता विचारावा. थोडे चालले की राजगृह येते. हे घर बाबासाहेबांनी १९३० नंतरच्या वर्षांत बांधले, आणि बांधताना पुस्तकांसाठी जागा राखली. लोक पैसा हाती आला की दागिना करतात, शेत घेतात. या माणसाने ग्रंथांसाठी घर बांधले. ज्याला शाळेत वेगळे बसवले, पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही, त्याचे हे घर आहे, हे पाहताना लक्षात ठेवावे. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू व फोटो आहेत. रमाबाई याच घरात २७ मे १९३५ रोजी वारल्या. वरच्या मजल्यांवर कुटुंबाची राहती जागा आहे. तेव्हा मोठ्याने बोलू नये, जिन्याकडे जाऊ नये.

मग स्टेशनात परत यावे, आणि ग्रँट रोडचे तिकीट काढून पुलावरून पश्चिम रेल्वेकडे जावे. गाडी स्लो धरावी. फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबत नाही. तेथून मणिभवन चालत जाण्याजोगे आहे. वाटेत ऑगस्ट क्रांती मैदान लागते. जुने नाव गवालिया टँक. ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'चा ठराव येथेच झाला. जेवणाची वेळ झालेली असते. सावली पाहून डबा सोडावा. कागद, पिशव्या तेथे टाकू नयेत, हे सांगायला नको.

मणिभवन हे रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की येथे राहत. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना येथूनच पकडून नेले. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आहे. चरखा, बैठक, एवढेच सामान. लहान बाहुल्या मांडून त्यांच्या आयुष्यातले प्रसंग दाखवले आहेत. पोरांना ते फार आवडते. पाट्या बऱ्याच इंग्रजीत आहेत. मराठी वाचता येते पण इंग्रजी येत नाही, म्हणून खट्टू होऊ नये. आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एक आजी तेथे प्रत्येक पाटीवरचा आकडा वाचून साल सांगत होत्या. "गुरुजी, हे साल माझ्या बापाच्या लग्नाचं," असे एका पाटीपुढे म्हणाल्या. इतिहास असाही वाचता येतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. तिच्यासाठीच आम्ही ही दोन घरे एका दिवसात घातली. १४ ऑगस्ट १९३१ रोजी बाबासाहेब गांधीजींना भेटायला मणिभवनात आले होते. विलायतेत दुसरी गोलमेज परिषद भरायची होती, त्याआधीची ही भेट. ती गोड झाली नाही. ज्या देशात आमच्या माणसांना कुत्र्यामांजराइतकीही किंमत नाही, तो देश आपला कसा म्हणावा, असा बाबासाहेबांचा सवाल होता. गांधीजींची समजूत अशी होती की, हे कोणी ब्राह्मण गृहस्थ आहेत आणि कळवळ्याने बोलतात. पुढे १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला, पण दोघांचे मत जुळले नाही. शाळेच्या पुस्तकात दोघांचे फोटो शेजारी-शेजारी छापतात. त्यांच्यात भांडण होते हे मुलांना कोणी सांगत नाही. आम्ही सांगावे या मताचे आहोत. सकाळी एक घर पाहिलेले असते, दुपारी दुसरे. तेव्हा पोरे आपणहून विचारतात की कोणाचे खरे? उत्तर घाईने देऊ नये. घरी जाताना गाडीत बोलायला तास-सव्वा तास असतो.

ज्यांना आणखी एखादा रविवार काढता येईल, त्यांनी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. ते १८७२ सालचे आहे. तिकीट थोडे पडते आणि बुधवारी बंद असते. घारापुरीचा दगडी हत्ती तेथे बाहेर उभा आहे. काळा घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तेथे चित्रे फुकट पाहता येतात.

मणिभवनातून निघाल्यावर चौपाटीवर थोडे बसावे. लोकमान्य टिळकांचा पुतळा तेथेच आहे. परतताना चर्नी रोडला थेट कल्याणचे किंवा आपल्या स्टेशनचे दादरमार्गे तिकीट मागावे. रविवार नसेल तर पाचच्या आत दादर सोडावे, नाहीतर आठपर्यंत चौपाटीवरच बसून राहावे. मधल्या वेळात पोरे घेऊन कल्याण गाडीत शिरणे बरे नाही.