मरणारी पेशी मागे काय सोडते?

आपला पंजा जरा डोळ्यांसमोर धरा. बोटांमधल्या या मोकळ्या जागा कोरल्या कुणी? आईच्या पोटात सुरुवातीला हा हात चपटा, सलग असतो. मग दोन बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या पेशी जगतात, म्हणून त्याला पडदा राहतो! आपल्याला सुईत दोरा ओवता येतो तो काही पेशी वेळेवर मेल्या म्हणून.

जन्मानंतरही हे चालूच असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज हजारो कोटी पेशी मरतात. मग कुठे सूज नाही, ठणका नाही, हे कसं? जुनी चाळ पाडताना आधी वीज-पाणी तोडतात, मग भिंती उतरवतात आणि राडारोडा ताडपत्रीखाली झाकून नेतात. पेशीही तशीच शिस्तीत आवरते. सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन तिला एरवी ऊर्जा मिळवून देतं. तेच आपली जागा सोडून पेशीद्रवात उतरलं की मरणाचा हुकूम सुटतो. कॅस्पेज नावाची विकरं कामाला लागतात, डीएनएचे तुकडे होतात, पेशी आक्रसते आणि पृष्ठभागावर ‘मला खाऊन टाका’ अशी रासायनिक खूण उमटते. भक्षक पेशी येतात आणि तिला गिळतात. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी या मरणाला वेगळं नाव दिलं ते १९७२ मध्ये. इतक्या उशिरा!

कॅन्सरची पेशी हा हुकूम धुडकावते. केमो आणि रेडिएशन तिला मरायला भाग पाडतात. ती मेली की प्रश्न मिटला, असंच कुणालाही वाटेल.

पनवेल महापालिकेच्या हद्दीत, खारघरला, टाटा मेमोरियल सेंटरचं ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. इंद्रनील मित्रा यांनी विचारलं, मेलेल्या पेशीतल्या डीएनएचं पुढे काय होतं? मित्रा मूळचे सर्जन. गाठ काढल्यावरही आजार दूरवर डोकं का काढतो, हे कोडं सर्जनइतकं कुणाला टोचणार?

त्यांच्या गटाचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. एकाच भांड्यात माणसाच्या मरणाऱ्या कॅन्सरपेशी आणि उंदराच्या धडधाकट पेशी एकत्र ठेवल्या. मरणाऱ्या पेशींतून क्रोमॅटिनचे, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचे, असंख्य कण बाहेर पडले आणि झपाट्याने उंदराच्या पेशींच्या केंद्रकात घुसले. एवढंच नाही, तिथल्या जनुकसंचात जाऊन बसले! माणसाचा डीएनए, उंदराच्या डीएनएमध्ये. यजमान पेशींचा डीएनए जखमी झाला, दाहाची रसायनं वाढली.   उपद्रव मेलेल्यांचा होता.

डीएनएला इजा आणि दाह, ही जोडगोळी निरोगी पेशीला कॅन्सरकडे ढकलू शकते. म्हणूनच मित्रांचं म्हणणं असं की उपचाराने मेलेल्या पेशींचे कणच नव्या गाठींचं बी ठरू शकतात. दावा मोठा आहे, आणि इतर प्रयोगशाळांनी तो कसून तपासायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण प्रश्न लाखमोलाचा आहे.

उपायही तितकाच अचंबित करणारा. द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल आणि चिमूटभराहूनही कमी तांबं. रेस्व्हेराट्रॉलची ख्याती ऑक्सिडीकरण रोखणारं म्हणून. पण तांब्याची गाठ पडली की दोघं मिळून ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार करतात आणि ती या क्रोमॅटिन-कणांचे तुकडे पाडतात. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना बोनमॅरो प्रत्यारोपणाच्या वेळी जबर केमो द्यावी लागते आणि तोंड फोडांनी भरून जातं, घोटभर पाणीही गिळवत नाही. एका छोट्या अभ्यासात हे मिश्रण दिल्यावर तोंड येण्याचा त्रास कमी झाला. (म्हणून तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि द्राक्षं हा केमोला पर्याय, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका.)

आणि रोज मरणाऱ्या आपल्या साध्यासुध्या पेशी? त्यांचेही कण निसटत असणारच. निरोगी माणसाच्या रक्तातही सुटा डीएनए सापडतो, हे १९४८ पासून माहीत आहे. तेच कण आपल्याला म्हातारं करतात का? मित्रांच्या गटाने वय झालेल्या उंदरांना वर्षभर हेच मिश्रण दिलं. त्यांच्या मेंदूच्या पेशी तपासल्या, तेव्हा वार्धक्याच्या कित्येक खुणा कमी झालेल्या दिसल्या.