हापूसच्या ऑनलाईन विक्रीसाठी शॉपिंग कार्टची निवड

कोकणातील हापूस आंबा उत्पादक वर्षानुवर्षे आपला माल पेट्यांत भरून वाशीच्या बाजारात दलालाकडे पाठवीत आले आहेत. पट्टी हातात पडेपर्यंत भाव काय लागला हे बागायतदारास कळत नाही. यास्तव अनेक बागायतदार आणि त्यांचे गट आता थेट ग्राहकांना घरपोच खोके पाठवू लागले आहेत. सुरुवातीस हा व्यवहार व्हॉट्सॲप आणि वहीवर चालतो. परंतु मागणी दोनशे-तीनशे खोक्यांच्या पुढे गेली की कोणाचे पैसे आले, कोणाचा माल गेला आणि कोणाला किती डझन कबूल केले याचा मेळ लागत नाही. अशा वेळी गट स्वतःचे ऑनलाईन दुकान काढण्याचा विचार करतो.

हे दुकान बहुधा ओळखीतील एखादा जाणकार तरुण किंवा तालुक्याच्या गावातील संगणक व्यावसायिक उभारून देतो. संचालक मंडळ चित्रे आणि रंग पाहून मान्यता देते. आतले सॉफ्टवेअर मात्र त्या व्यावसायिकाला जे येते तेच बसविले जाते. साबण किंवा कपडे विकणाऱ्यासाठी ते चांगले असेलही. हापूससाठी ते चांगले असेलच असे नाही. काढलेला आंबा थांबत नाही आणि न काढलेला आंबा वेळेवर तयार होईलच याची हमी देता येत नाही. म्हणून दुकान काढणारा गट आणि ते बांधून देणारा व्यावसायिक या दोघांसाठीही हा लेख आहे.

शॉपिंग कार्ट म्हणजे काय

संकेतस्थळावर मालाची यादी दाखविणे, ग्राहकाने निवडलेला माल त्याच्या नावे टोपलीत ठेवणे, वाहतूक खर्च धरून हिशेब करणे, पैसे स्वीकारण्यासाठी पेमेंट गेटवेकडे पाठविणे आणि शिल्लक मालातून तेवढा आकडा वजा करणे, ही कामे करणाऱ्या सॉफ्टवेअरला शॉपिंग कार्ट म्हणतात. पैसे घेण्याचे प्रत्यक्ष काम गेटवे करतो, कार्ट करीत नाही. हा फरक लक्षात ठेवावा, कारण दोघांचे शुल्क वेगवेगळे असते.

आधी माल, मग सॉफ्टवेअर

जमीन पाहून आपण वाण निवडतो. येथेही कागद-पेन्सिल घेऊन आधी आपल्या मालाचे स्वरूप लिहून काढावे आणि ते पुढे ठेवून सॉफ्टवेअर तपासावे.

समजा, देवगड तालुक्यातील वीस बागायतदारांचा एक गट आहे. मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत त्यांचा माल निघतो. हापूसला मोहोर टप्प्याटप्प्याने येतो, त्यामुळे फळेही टप्प्याटप्प्याने चौदा आणे तयार होतात. म्हणजे गटाजवळ “एकूण दोन हजार डझन आंबा” असा साठा कधीच नसतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दीडशे डझन, तिसऱ्यात तीनशे डझन असा तो असतो. साध्या कार्टमध्ये एका वस्तूला एकच शिल्लक आकडा असतो. तेथे दोन हजार डझन भरून ठेवले, तर पहिल्या चार दिवसांतच पाचशे ग्राहक पैसे भरून मोकळे होतात आणि सर्वांना आंबा अक्षय्य तृतीयेला हवा असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, माल पोहोचण्याची तारीख ग्राहकाला निवडू देणारे प्लगिन घेणे. ते घेताना प्रत्येक तारखेला कमाल किती मागण्या स्वीकारायच्या हे त्यात ठरविता येते ना, एवढे पाहावे. अनेक प्लगिनमध्ये तारीख दिसते, पण मर्यादा घालता येत नाही. ते आपल्या उपयोगाचे नाही. दुसरा उपाय बिनखर्चाचा असून मला तोच अधिक पसंत आहे. प्रत्येक आठवडा हा त्या वस्तूचा एक वेगळा प्रकार म्हणून नोंदवावा आणि प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र शिल्लक द्यावी. आठवड्याचा माल संपला की तो आठवडा आपोआप बंद होतो. अवकाळी पाऊस, वाढलेले तापमान, फळगळ यांचा भरवसा नसल्याने अंदाजित उत्पादनाच्या साठ टक्क्यांहून अधिक माल आगाऊ विक्रीस खुला करू नये, असे माझे मत आहे. उरलेला माल काढणी झाल्यावर खुला करता येतो.

आता खोक्यांचा प्रश्न. गट एक डझनाचे आणि दोन डझनांचे असे दोन प्रकारचे खोके विकतो. हाती शंभर डझन आहेत. कार्टमध्ये एक डझनाचे शंभर खोके आणि दोन डझनांचे पन्नास खोके अशी नोंद केली जाते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, परंतु दुकानात आता दोनशे डझन विक्रीस उभे आहेत. वूकॉमर्समध्ये सर्व प्रकारांची शिल्लक मूळ वस्तूवर एकत्र ठेवता येते, पण तेथेही दोन डझनांचा एक खोका विकला की शिल्लक एकानेच कमी होते, दोनाने नाही. यासाठी विक्रीचे एकक एक डझन हेच ठेवावे. ज्याला दोन डझन हवे त्याने संख्या २ लिहावी, खोका कोणता वापरायचा ते आपण भरताना ठरवू. बांधून देणाऱ्याला हे आधी सांगितले तर पाच मिनिटांचे काम आहे, हंगामात लक्षात आले तर पन्नास ग्राहकांची क्षमा मागावी लागते.

पैसे न भरता अर्धवट सोडलेल्या मागणीसाठी कार्ट माल किती वेळ अडवून ठेवते, हेही विचारावे. वूकॉमर्समध्ये ही मुदत मुळात ६० मिनिटांची असते व ती बदलता येते. हंगामाच्या ऐन गर्दीत १५ ते २० मिनिटे पुरेशी होतात. तसेच शिल्लक शून्य झाल्यावरही मागणी स्वीकारण्याची सोय बहुतेक कार्टमध्ये असते. हापूससाठी ती न चुकता बंद ठेवावी.

पिनकोडची मर्यादा

फळ वाटेत पिकत जाते. त्यामुळे ते किती दिवसांत पोहोचेल यावर विक्रीचे क्षेत्र ठरते आणि हे क्षेत्र कार्टला पिनकोडवरून सांगावे लागते. (देशात ही सहा अंकी पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मूळचे कोकणातलेच, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते.)

येथे एक चूक होण्याचा संभव असतो. महाराष्ट्राचे पिनकोड ४ ने सुरू होतात म्हणून ४ ने सुरू होणारे सर्व क्रमांक एका विभागात टाकले जातात. परंतु ४ या अंकाखाली महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. अशा दुकानात रायपूरचा ग्राहक मुंबईच्या दराने आंबा मागवू शकतो. मुंबईसाठी ४००, पुण्यासाठी ४११ असे पहिले तीन अंक धरून विभाग करावेत आणि आपला वाहतूकदार जेथे खरोखर पोहोचवितो तेवढेच क्रमांक खुले ठेवावेत. ग्राहकाने पिनकोड टाकताच माल तेथे येतो की नाही हे त्याला पैसे भरण्यापूर्वी दिसले पाहिजे.

पैशाचा हिशेब

गेटवेचे शुल्क साधारणपणे २ टक्के असते व त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. एक हजार रुपयांच्या खोक्यामागे २० रुपये शुल्क आणि ३ रुपये ६० पैसे कर मिळून २३ रुपये ६० पैसे जातात. हजार खोक्यांना ही रक्कम २३,६०० रुपये होते. यूपीआयवरील व्यापारी सवलत दर १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आला. तरी गेटवे आपल्या सेवेपोटी वेगळे शुल्क लावतो का, हे करारपत्रात वाचावे.

काही कार्ट याशिवाय स्वतःचे शुल्क घेतात. शॉपिफाय या कॅनडातील कंपनीची स्वतःची पैसे स्वीकारण्याची सेवा भारतात उपलब्ध नाही. त्यामुळे बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि तिच्या बेसिक योजनेत प्रत्येक विक्रीवर आणखी २ टक्के द्यावे लागतात. वरील उदाहरणात हे २०,००० रुपये होतात. मासिक वर्गणी वेगळीच. आपला हंगाम दोन-अडीच महिन्यांचा आणि वर्गणी बारा महिन्यांची, हेही जमेस धरावे. हंगामाबाहेर दुकान कमी शुल्कात थांबवून ठेवता येते का, ते विचारून घ्यावे.

माल मिळाल्यावर पैसे देण्याची पद्धत आंब्यासाठी बंदच ठेवावी. परत आलेला साबण पुन्हा विकता येतो, परत आलेला आंबा नाही. साक्याच्या तक्रारींसाठी मात्र अंशतः पैसे परत करण्याची सोय कार्टमध्ये असावी. हापूसमध्ये साका बाहेरून दिसत नाही आणि डझनात दोन फळे खराब निघाली म्हणून सबंध खोक्याचे पैसे परत करणे गटाला परवडत नाही. पैसे परत केले तरी गेटवेचे मूळ शुल्क बहुधा परत मिळत नाही.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

वूकॉमर्स हे २०११ साली आलेले, वर्डप्रेसवर चालणारे आणि विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. परंतु कलम फुकट मिळाले म्हणून बाग फुकट होत नाही. होस्टिंगचे भाडे, प्लगिनांच्या वार्षिक वर्गण्या, वेळोवेळी करावयाचे अद्ययावतीकरण आणि रोजची राखीव प्रत हा खर्च आपल्याकडे येतो. हे काम पाहणारा माणूस गटात किंवा जवळपास असेल तर वूकॉमर्स घ्यावे. असा माणूस नसेल तर शॉपिफायसारखे भाड्याचे दुकान महाग पडूनही बरे, कारण तेथे देखभाल कंपनी करते. ऐन एप्रिलमध्ये दुकान दोन दिवस बंद पडणे हे २ टक्क्यांपेक्षा महाग आहे. मॅजेंटोसारखे मोठे सॉफ्टवेअर हजारो वस्तूंच्या व्यापारासाठी आहे, चार प्रतींच्या आंब्यासाठी त्याची गरज नाही. त्याच्या पहिल्या आवृत्तीची देखभाल ३० जून २०२० रोजी थांबली तेव्हा असंख्य दुकानदारांना आपले दुकान नव्याने बांधावे लागले. आपण घेत असलेली आवृत्ती किती काळ चालणार, हा प्रश्न त्यामुळे वावगा ठरत नाही.

शासनाच्या पुढाकाराने स्थापन झालेले ओएनडीसी हे कार्ट नसून जाळे आहे. विक्रेत्यांच्या ॲपमार्फत उत्पादक कंपन्यांना तेथे माल मांडता येतो. स्वतःच्या दुकानाला जोड म्हणून त्याचा विचार करावा.

दुकान कोणाच्या नावावर

माझ्या मते हा भाग सर्वांत महत्त्वाचा असून त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, बांधून देणाऱ्याच्या नावावर नोंदविले गेले आणि पुढे त्याच्याशी बिनसले, तर गटाचे नाव त्याच्या ताब्यात राहते. डोमेन, होस्टिंग आणि गेटवेचे खाते ही तिन्ही गटाच्या नावे व गटाच्याच ईमेलवर असावीत. मुख्य पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव या दोघांकडे असावा. ग्राहकांची नावे, पत्ते आणि मागण्या केव्हाही एका फाईलमध्ये उतरवून घेता येतात का, हे करारापूर्वी समोर बसून करून पाहावे. दलालाकडे माल देताना खाणारा कोण हे आपणास कधी कळले नाही. आता ती यादी हाती आली आहे, ती पुन्हा दुसऱ्याच्या कपाटात ठेवू नये. कार्डाचे क्रमांक मात्र आपल्याकडे साठवू नयेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारास ते साठविण्यास मनाई आहे.

कायद्याच्या बाजूने, ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क दुकानावर दाखवावा लागतो आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण आमरस, आंबा पोळी हे पदार्थही ठेवणार असाल तर प्रत्येक वस्तूला वेगळा करदर देण्याची सोय कार्टमध्ये लागेल. या पदार्थांच्या बिलावर एफएसएसएआयचा क्रमांक छापून यावयास हवा.

दुकान फेब्रुवारीअखेर तयार असावे. मग संचालकांनी आपापल्या साध्या मोबाईलवरून, गावातील नेटवर्कवर, प्रत्येकी एक मागणी खरोखर पैसे भरून नोंदवावी. एक मागणी रायपूरच्या पिनकोडवर टाकून पाहावी, एक अर्धवट सोडून द्यावी, एकीचे अर्धे पैसे परत करावेत. शिल्लक तीन डझन ठेवून दोघांनी एकाच वेळी प्रत्येकी दोन डझन मागवावेत. दोघांचीही मागणी स्वीकारली गेली, तर बांधून देणाऱ्याला शेवटचा हप्ता देऊ नये.