गाणे आपोआप टिकत नाही

गायकाला मारता येते, गाण्याला मारता येत नाही, असे वाक्य स्मृतिदिनाच्या सभांतून हमखास ऐकू येते. ते कानाला गोड लागते, टाळ्या मिळविते आणि श्रोत्याला निश्चिंत मनाने घरी पाठविते. कारण गाणे अमरच असेल तर त्याच्यासाठी कोणी काही करावयाचे उरतच नाही. परंतु दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात १९७३ साली जे घडले आणि पुढे पन्नास वर्षे जे घडत राहिले, त्याकडे पाहिले म्हणजे हे वाक्य किती अपुरे आहे हे ध्यानात येते.

व्हिक्टर हारा यांचा जन्म १९३२ सालचा, एका गरीब शेतकरी कुटुंबातला. आई अमांदा गावच्या लग्नकार्यांत आणि मर्तिकाच्या प्रसंगी गात असे. गाण्याचा पहिला संस्कार तिचाच. पुढे हारा राजधानी सांतियागो येथे नाट्यदिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले, विद्यापीठात काम करू लागले. विओलेता पारा या थोर लोकगायिकेने त्यांना गाण्याकडे वळविले. खेड्यापाड्यांतील चाली, केना ही बासरी, चारांगो हे लहानसे तंतुवाद्य आणि कष्टकऱ्यांचे जिणे यांतून तेथे ‘नवे गाणे’ या नावाची चळवळ उभी राहिली; हारा तिचे एक अग्रणी होते. १९६९ साली पुएर्तो माँत येथे बेघर कुटुंबांवर पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा त्यांनी गृहमंत्र्याचे नाव घेऊन गाण्यातून जाब विचारला. १९७० साली साल्वादोर अल्येंदे निवडणुकीने अध्यक्ष झाले. हारा त्यांचे उघड समर्थक होते.

११ सप्टेंबर १९७३ रोजी सैन्याने अल्येंदे यांचे सरकार उलथून पाडले आणि जनरल पिनोशे यांची राजवट सुरू झाली. त्या दिवशी हारा विद्यापीठात होते. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी तेथील शेकडो विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी यांना पकडून एका बंदिस्त क्रीडागारात कोंडले. हारा यांना ओळखून बाजूला काढण्यात आले. त्यांचे हात ठेचले गेले, असे सोबतच्या कैद्यांनी सांगून ठेवले आहे. काही दिवसांतच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या देहावर चाळीसहून अधिक गोळ्यांच्या खुणा आढळल्या. एका गिटारवाल्यासाठी इतक्या गोळ्या खर्ची घालणाऱ्या सत्तेला कशाचे भय वाटत होते, हे निराळे सांगावयास नको.

येथवरची कथा सत्तेची आहे. यापुढची कथा साध्या माणसांची आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही.

हारा यांचा देह शवागारात बेवारस पडला होता. प्रेतांचे ढीग येत होते आणि ती निनावी पुरली जाण्याचा संभव होता. नागरी नोंदणी खात्यातील एक तरुण कर्मचारी तेथे कामाला लावला गेला होता. त्याने हारा यांना ओळखले. गप्प बसणे त्याला सोपे होते आणि त्या दिवसांत कोणी त्याला दोषही दिला नसता. तो हारा यांच्या घरी गेला आणि पत्नी जोन यांना त्याने शवागारात नेले. १८ सप्टेंबर रोजी जोन यांनी गुपचूप पतीचे दफन केले. हारा ‘बेपत्ता’ ठरले नाहीत, याचे श्रेय एका कारकुनाच्या धैर्याला आहे.

क्रीडागारात हारा यांनी अखेरची कविता लिहिली. लपविलेली मूळ चिठ्ठी पकडली गेली. पण सोबत्यांनी तोवर नकला केल्या होत्या. ती नक्कल बाहेर आली नसती तर आज ती कविता कोणास ठाऊकही नसती. लष्कराने गाण्यांच्या मूळ ध्वनिफिती नष्ट केल्या. ज्या उरल्या त्या जोन यांनी देशाबाहेर काढल्या म्हणून उरल्या. आंखेल पारा या गायकाला वाळवंटातील छावणीत डांबले, तर त्यांनी तेथे कैद्यांचे गायनवृंद उभे केले. केना आणि चारांगो ही वाद्येदेखील संशयास्पद ठरली. तेव्हा काही कलावंतांनी त्याच वाद्यांवर बाखचे अभिजात संगीत वाजविण्यास आरंभ केला. सेन्सॉरला हरकत घेता येईना आणि वाद्ये लोकांच्या कानांवर राहिली. ज्या गाण्यांच्या फिती कोणी लपविल्या नाहीत, ती गाणी गेली. त्यांची गणती करणार कोण?

या हिशेबाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. आपल्याकडे आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली. सरकारच्या प्रचारकार्यात सहकार्य न केल्याची ही शिक्षा होती. चिलीतील रक्तपाताशी तिची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पुढे शाह आयोगापुढे हे प्रकरण आले तेव्हा दिसले ते हेच, की बंदी हुकूमशहाच्या गर्जनेने येत नाही. ती फायलीवरील टिपणीने येते. कोणी तरी मसुदा करतो, कोणी तो टंकलिखित करतो, कोणी सही करतो, आणि केंद्रावरचा कोणी तबकडी बाजूला ठेवतो. ज्या लेखणीने चिलीतला कर्मचारी एका कलावंताचे नाव वाचवू शकला, तीच लेखणी दुसऱ्याचा आवाज बंद करू शकते.

न्यायही आपोआप आला नाही. जोन यांनी निर्वासित म्हणून जगभर साक्ष दिली, पुढे चिलीत परतून खटला चालू ठेवला. ते क्रीडागार २००३ पासून हारा यांच्या नावाने ओळखले जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या रस्त्यांवर हजारो तरुणांनी त्यांचे गाणे गायिले. त्यांतील बहुतेकांचा जन्म हारा यांच्या हत्येनंतर कित्येक वर्षांनी झालेला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षा कायम केल्या. हत्येचा आरोप असलेला आणखी एक माजी अधिकारी अमेरिकेत राहत होता; त्याला १ डिसेंबर २०२३ रोजी चिलीच्या स्वाधीन करण्यात आले.

ते पाहावयास जोन हयात नव्हत्या. १२ नोव्हेंबर रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले होते. पन्नास वर्षे त्या थांबल्या आणि एकोणीस दिवस कमी पडले. गाणे अमर असते असे म्हणताना या पन्नास वर्षांचे श्रम कोणाच्या खात्यावर मांडावयाचे, याचा विचार टाळ्या वाजविणाऱ्यांनी एकदा करावयास हवा.