औषध बाधते तेव्हा

'गोळी बाधली' हे शब्द पालघर-बोईसर पट्ट्यात रोज कानांवर येतात. पोट बिघडले, चक्कर आली, अंगावर पित्त उठले, की सगळ्याला तेच एक नाव. त्यामुळे दहा लाखांत वर्षाकाठी मोजक्याच लोकांना होणारी जीवघेणी बाधा बोलीत वेगळी ओळखूच येत नाही. तापासोबत पुरळ दिसले की गोवर, कांजिण्या किंवा 'गरमी बाहेर पडली' असे म्हणून दोन दिवस जातात. मी डॉक्टर नाही. पण ते दोन दिवस किती महागात पडतात, हे वाचत-विचारत गेल्यावर हा विषय मला सोडवेना.

न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या बालरोगतज्ज्ञांनी १९२२ साली दोन मुलांची हकिकत नोंदवली: ताप, अंगभर पुरळ, तोंड आणि डोळे सुजलेले. १९५६ मध्ये स्कॉटलंडच्या ॲलन लायेल यांनी उकळते पाणी सांडल्यासारखी कातडी सुटून येणारे रुग्ण वर्णिले. आज हे एकाच आजाराचे दोन टप्पे मानतात. कातडी अंगाच्या दहा टक्क्यांहून कमी सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, तीस टक्क्यांच्या वर गेली तर 'टेन'. रुग्णाचा बोटांसकट तळवा म्हणजे अंगाचा सुमारे एक टक्का, असा अंदाज बांधतात. टेनमध्ये साधारण तीनातला एक रुग्ण दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींची दृष्टी कायमची अधू होते.

यात औषध भेसळीचे नसते, मात्राही जास्त नसते. आपल्या पेशींवर 'एचएलए' नावाची प्रथिने असतात. परके काय, आपले काय, हे ती संरक्षक पेशींना दाखवतात. काहींच्या एचएलएला विशिष्ट औषधाचा रेणू असा चिकटतो की संरक्षक पेशी स्वतःच्याच कातडीला शत्रू समजतात. तैवानमध्ये २००४ साली कार्बामॅझेपिन या फिटच्या औषधाने बाधलेल्या ४४ रुग्णांची तपासणी झाली. त्या सर्वांत एचएलए-बी*१५:०२ हा प्रकार सापडला. २००९ च्या भारतीय अभ्यासात आठपैकी सहा जणांत तोच निघाला.

आपल्या जिल्ह्याला अधिक जवळची गोष्ट डॅप्सोनची. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारातले हे जुने, स्वस्त आणि उपयोगी औषध. क्वचित कोणाला ते सुरू केल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, कावीळ होते. चिनी संशोधकांनी २०१३ मध्ये त्याचा संबंध एचएलए-बी*१३:०१ शी दाखवला. आशियातल्या काही कारखान्यांत ट्रायक्लोरोएथिलीन या ग्रीस धुण्याच्या द्रावकाने कामगारांना अशीच बाधा झाली, तिथेही हाच प्रकार आढळला. म्हणजे गोळी पोटात जावी लागतेच असे नाही.

तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनतो. तिथल्या पिंपावर रसायनाचे नाव, बॅच, तारीख सगळे लिहिलेले असते. त्याच बोईसरमध्ये कामगार ताप आला म्हणून दवाखान्यात जातो, तेव्हा त्याच्या हातात अनेकदा कागदाची पुडी पडते: एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी. पंधरा दिवसांनी अंगावर फोड आले, तर मोठ्या रुग्णालयातला पहिला प्रश्न असतो, 'कोणती गोळी घेतली?' त्याला उत्तर नसते. माझ्या मते खरा धोका या निनावी पुडीत आहे. कारण इथे पहिला उपचार एकच: संशयित औषध ताबडतोब थांबवणे. आणि नावच ठाऊक नसेल, तर तेच औषध पुढच्या आजारात पुन्हा पोटात जाते.

पैसा आणि शिक्षण असूनही हे घडू शकते. अमेरिकेहून कोलकात्याला आलेल्या अनुराधा साहा यांना १९९८ मध्ये टेन झाला. त्यांना विमानाने मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात हलवले, पण २८ मे रोजी त्या गेल्या. कोलकात्यात स्टिरॉइड अवाजवी दिले गेले आणि शुश्रूषेत हेळसांड झाली, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने काढला. २०१३ मध्ये सुमारे सहा कोटींची भरपाई मंजूर केली. या आजारात भाजलेल्या रुग्णासारखी देखभाल लागते: पाणी-क्षार, जखमांची स्वच्छता, डोळ्यांची निगा.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. नवे औषध सुरू झाल्यापासून चार दिवस ते चार आठवडे हा मुख्य जोखमीचा काळ. ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड, आणि खाजेपेक्षा दुखणारी कातडी, ही लक्षणे दिसली तर पुढची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये आणि त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. घेतलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप सोबत न्याव्यात. पुडी मिळाली तर गोळ्यांची नावे कागदावर लिहून मागावीत. तो आपला हक्क आहे.

बाधेची नोंद रुग्णालाही करता येते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित 'ड्रेस' ही गंभीर बाधा होते, असा इशारा याच आयोगाने २०२३ च्या अखेरीस दिला. तो अशा नोंदींच्या अभ्यासातूनच आला. 'गोळी बाधली' या दोन शब्दांत गोळीचे नाव आले, की त्याची नोंद होते आणि पुढचा माणूस सावध होतो.