साधनाचे वर्णन आणि उत्तराचा खरेपणा

बँक बुडाल्यास ठेवीदाराला विम्यापोटी किती रक्कम मिळते, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या वर्षांच्या कागदपत्रांत निरनिराळे आढळते. ही मर्यादा १९६२ मध्ये १,५०० रुपये होती. १९८० मध्ये ती ३०,००० रुपये, तर १९९३ मध्ये १ लाख रुपये झाली, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख रुपये करण्यात आली. यांतील प्रत्येक कागद आपापल्या काळापुरता खराच आहे. परंतु निवृत्तीची पुंजी एकाच बँकेत ठेवावी की दोन बँकांत, या विचारात असलेल्या ज्येष्ठ नागरिकाला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाने १९९३ चा कागद काढून ‘१ लाख’ असे उत्तर दिले, तर त्याचा निर्णय चुकीच्या आधारावर उभा राहील. अशा चुकीचे मूळ पुष्कळदा यंत्राच्या बुद्धीत नसते. कोणीतरी घाईने लिहिलेल्या दोन ओळींत असते.

दस्तऐवज शोधून उत्तर देणाऱ्या अशा मदतनिसाला ‘एजंट’ म्हणतात. (विमा एजंटाशी त्याचा संबंध नाही!) त्याच्या मुळाशी असलेले भाषा-प्रारूप स्वतः कपाट उघडत नाही. त्याला काही ‘साधने’ सोपविलेली असतात: एक परिपत्रके शोधणारे, दुसरे व्याजदरांचे तक्ते आणणारे. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही साधनाची ओळख त्याचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी याचा तपशील, यांतूनच होते. साधनाच्या आतील आज्ञावली प्रारूपाला दिसत नाही. बरणीत काय आहे हे चिठ्ठीवरूनच ओळखायचे, असा हा प्रकार आहे.

‘दस्तऐवज शोधते’ एवढेच वर्णन म्हणजे ‘डबा’ असे लिहिलेला डबा. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘ठेवी व ठेव विमा यांविषयीची १९६२ पासूनची परिपत्रके शोधते. रद्द झालेली परिपत्रकेही संग्रहात आहेत. सध्याचा नियम हवा असल्यास “केवळ लागू असलेली” हा पर्याय निवडावा. कर्जांविषयीची कागदपत्रे येथे नाहीत.’ यातील शेवटचे वाक्य अनेक जण गाळतात. वास्तविक दोन साधनांची वर्णने सारखी भासू लागली की एजंट गोंधळतो, आणि ‘येथे काय नाही’ हे सांगितल्यानेच तो गोंधळ टळतो.

शोधाची रीत सांगणेही तितकेच आवश्यक आहे. काही साधने नेमका शब्द जुळवितात, काही अर्थ जुळवितात. परिपत्रकाचा क्रमांक घेऊन अर्थ जुळविणाऱ्या साधनाकडे गेल्यास भलताच कागद हाती येऊ शकतो. उलट, ग्राहक विचारतो ‘बँक बुडाली तर पैशांचे काय’ आणि कागदात शब्द असतो ‘निक्षेप विमा’. तेथे केवळ शब्द जुळविणारे साधन रिकाम्या हाताने परतते. संग्रह इंग्रजीत असेल आणि प्रश्न मराठीत, तर शोधशब्द कोणत्या भाषेत द्यावेत हेही वर्णनातच यावयास हवे. तारखेचेही तसेच: ०३/०४/२०२० म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते.

परत काय येते, हा भाग सर्वांत उपेक्षित आहे. साधन संपूर्ण परिपत्रक देते की त्यातील उतारा? ५ लाखांची मर्यादा एका बँकेतील सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून, मुद्दल व व्याज मिळून असते. उताऱ्यात केवळ आकडा आला आणि ही अट पुढच्या परिच्छेदात राहिली, तर उत्तर अर्धेच ठरते. म्हणून ‘उतारा मिळाल्यावर अटींसाठी मूळ परिपत्रक उघडावे’ असे लिहून ठेवणे हिताचे. तसेच ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘असा नियम नाही’ असा होत नाही, हेही नोंदवावे; अन्यथा एजंट आत्मविश्वासाने नकार देऊन मोकळा होतो.

ग्रंथपालांना यात नवे काही वाटणार नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीच आहे.

मात्र वर्णन पानभर लांबविणेही इष्ट नव्हे, कारण प्रत्येक प्रश्नाबरोबर प्रारूपाला ते वाचावे लागते. मजकूर योग्य झाला की नाही, हे खातेदारांचे वीस-पंचवीस खरे प्रश्न त्यांच्याच शब्दांत घालून पाहिल्यावर कळते. जेथे चुकीचे साधन निवडले जाते, तेथील वाक्य बदलावे आणि पुन्हा तेच प्रश्न घालावेत. हे काम आज्ञावली लिहिणाऱ्याने एकट्याने करण्याऐवजी अभिलेख विभागातील जाणकाराला शेजारी बसवून करावे. कोणते परिपत्रक केव्हा रद्द झाले, हे त्यालाच ठाऊक असते.