घरटी एक माणूस

मुळशी धरणाच्या आतल्या काठावरच्या वाड्यांत सार्वजनिक कामाचा नियम तीन शब्दांत संपतो: घरटी एक माणूस. ओढ्याला बंधारा घालायचा असो, झरा उपसायचा असो, पावसाने खचलेली पायवाट बांधायची असो नाहीतर डोंगराला वणवा अडवणारा जाळपट्टा काढायचा असो, दर चुलीमागे एक जण यायलाच हवा. मजुरी नाही, हजेरीपट नाही. जो आला नाही त्याचं नाव मात्र संध्याकाळी देवळात सगळ्यांदेखत निघतं.

नकाशावर ही बेटं नाहीत. पण समोर पाणी, पाठीशी सह्याद्रीची धार आणि पलीकडचं गाव डोळ्यांना दिसत असूनही तिथे जायला जलाशयाला मोठा वळसा, अशी इथली परिस्थिती. पावसाळ्यात तर वळशाचीही खात्री नसते. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाराष्ट्रातल्या कित्येक तालुक्यांना वर्षभरातही एवढा मिळत नाही. अशा दिवशी दरड आली की आतल्या वाडीला बाहेरून मदत कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, आणि वाडीही तिची वाट बघत बसत नाही.

हे एकटेपण निसर्गाने दिलेलं नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीने धरण बांधायला घेतलं, त्याविरुद्ध 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्याने सेनापती बापट झाले. बावन्न गावांचा प्रश्न, असं तेव्हापासून बोललं जातं. 1924 च्या अखेरीस लढा मोडला, धरण उभं राहिलं, आणि 1927 पासून हे पाणी कड्यावरून कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागलं. वीज मुंबईला गेली. आंबेमोहोराची खाचरं होती ती पाण्याखाली गेली. खोरं सोडून जे गेले नाहीत ते उतारावर वर सरकले. तिथली माती पातळ, खाली काळा कातळ, त्यामुळे पाऊस धो धो पडतो आणि तसाच वाहून जातो. समोर पाण्याचा दर्या असून मार्च लागला की बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला मुळशी कळली असं मी म्हणणार नाही.

मी गेलो तो जाळपट्टा काढायच्या दिवशी, माघात. गवत पुरतं वाळलेलं, पण सकाळी अजून दव धरणारं. पूर्वी हे काम पौर्णिमेच्या मागेपुढे गावकी ठरवील त्या दिवशी व्हायचं, आता रविवारी होतं, कारण निम्मी पोरं हिंजवडीत नाहीतर पिरंगुटच्या कारखान्यांत आहेत. उजाडायच्या आत मोटरसायकली येऊन उभ्या राहिल्या. रात्रपाळी करून थेट आलेला एक जण कंपनीच्या गणवेशातच कोयता घासत बसला होता.

पट्टा कुठून न्यायचा हे एका म्हाताऱ्याने ठरवलं. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबा सरळ रेष आखत नाहीत. डोंगराच्या सोंडेवरून निघून उघड्या कातळाला जाऊन मिळायचं, कातळ जिथे संपतो तिथून ओढ्याच्या कोरड्या पात्रापर्यंत, पुढे गुरांची वाट. कातळावर गवत नाही, पात्रात दगडगोटे, वाट तुडवलेली. म्हणजे आग अडवायचं निम्मं काम आधीच झालेलं असतं, माणसांनी फक्त मधल्या फटी बुजवायच्या. नवख्या पोराने सरळ पट्टा धरला असता तर दुप्पट गवत कापावं लागलं असतं.

मग दोन ओळी. एकमेकींपासून तीन-चार माणसांच्या अंतरावर दोन अरुंद रेघा मुळापासून कापत न्यायच्या. पुढे कोयतेवाले, मागे दंताळ्याने गवत ओढणाऱ्या बायका. कापलेलं गवत रेघेत राहिलं तर मेहनत पाण्यात, म्हणून ते मधल्या पट्ट्यात लोटायचं. चांगलं असेल ते भारे बांधून घरी. एक मावशी भाऱ्याकडे जास्त आणि रेघेकडे कमी बघत होत्या. कुणी टोकलं तर म्हणाल्या, "म्हशीला काय सांगू, जाळपट्टा काढत हुते म्हणून?"

देवराईच्या कडेला गवत नाही, पाचोळा असतो. तिथे कोयता चालत नाही. कारवीच्या काटक्यांचे झाडू करून जमीन दिसेस्तोवर झाडायचं. देवराईत कोयता आणायचा नाही हा दंडक तर आहेच. फांदीला हात न लावता, अंग चोरून, वाकून ते काम चाललं होतं.

दोन्ही रेघा झाल्यावर मधलं गवत पेटवायचं. हे वनखात्याच्या जमिनीत परस्पर करता येत नाही. तिथे नुसतं साफ करून सोडतात. मालकीच्या माळावर पेटवतात, तेही वारा पडलेला असताना. पेटवायचं ते वरून. आग चढावर धावते, उतारावर सरपटते. वरच्या टोकाला लावली की ती हळूहळू खाली येते आणि माणसाच्या ताब्यात राहते. दोन्ही बाजूंना हिरव्या डहाळ्या घेतलेली माणसं. ठिणगी रेघेबाहेर पडली की डहाळी आपटायची नाही, दाबायची. आपटली की ठिणग्या उडतात. एका कॉलेजातल्या पोराने दोनदा आपटली, तिसऱ्यांदा त्याच्या हातातून डहाळी काढून घेऊन त्याला पाण्याच्या कळशीपाशी उभा केला. त्याने ते निमूट ऐकलं.

उन्हं चढेपर्यंत काम आटोपलं. भाकरी, पिठलं, ठेचा. जेवता जेवता मी जो प्रश्न विचारायला गेलो होतो तो विचारला: हे सगळं फुकट का?

पहिलं उत्तर सोपं होतं. वणवा आला की पेंढ्याच्या गंजी जातात, आंब्याची कलमं जातात, गुरांचं चरण जातं. कुणाच्या बिडीने लागतो, कुणी नवं गवत चांगलं फुटावं म्हणून मुद्दाम लावतो, कधी राब भाजताना हातातून सुटतो. आणि माथा जळाला की झरा लवकर आटतो, असं आबांचं म्हणणं. ते खरंही आहे: पाचोळा जळून जमीन उघडी पडली की पहिल्याच पावसात माती धुपते, पाणी मुरायला जागाच उरत नाही.

रोजगार हमीतून का करत नाही, हेही विचारलं. मघाच्या मावशींनीच उत्तर दिलं. "मापं घ्यायला साहेब येईस्तोवर वनवा येऊन गेलेला असतो."

पण नुसत्या स्वार्थाने हा हिशेब जुळत नाही. ज्याची गंजी नाही, गुरं नाहीत, जो पुण्यात खोली घेऊन राहतो आणि ज्याच्या घराला इथे कुलूप आहे, तोही आला होता. त्याला विचारलं तर हसला आणि म्हणाला, "न्हाई आलो तर म्हातारी गेल्यावर खांदा द्यायला कोन येईल?" यात भीती आहे, थोडी लाजही आहे. शहरात आपण स्वयंसेवेला उदात्त रंग देतो. इथे तिच्यामागे दंड आहे, टोमणे आहेत, आणि गावकीत आपलं नाव शिल्लक राहावं ही धडपड आहे. मला हा रंग जास्त खरा वाटतो. नुसत्या उत्साहावर चाललेली टेकडी-सफाईची मंडळं पुण्यात सुरू झालेली आणि बंद पडलेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

आबांचं उत्तर शेवटी आलं, तेही दुसऱ्याच बोलण्याच्या ओघात. धरणात गेलेल्या जमिनी आणि वर सरकून वसलेल्या घरांखालच्या जागा यांचा कागदांचा घोळ या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आबा म्हणाले, "कागदावर कोनाचं नाव हाय ते जाऊंद्या. झरा कोन उपसतं, ते बघा."

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एग नावाच्या बेटाची गोष्ट इथे आठवते. जेमतेम शंभर वस्तीचं ते बेट वर्षानुवर्षं एकेका जमीनदाराच्या मालकीचं होतं. 1997 मध्ये रहिवाशांनी वर्गणी जमवून, इतरांची साथ घेऊन ते विकत घेतलं. 2008 पासून वारा, ऊन आणि ओढ्यांवर चालणारी स्वतःची वीज आहे, आणि कुठल्याही घराने एका वेळी पाच किलोवॉटच्या वर ओढायची नाही असा नियम आहे. तो पाळला जातो, कारण मर्यादा ओलांडली की त्या घराची वीज तुटते. एगच्या लोकांनी आधी मालकी मिळवली, मग राखण पत्करली. मुळशीत मालकी शंभर वर्षांपूर्वी हातची गेली आणि राखण तेवढी उरली. आबांसारखी माणसं त्या राखणीतूनच हक्क सांगत राहतात. वाट बांधणारे आम्ही, झरा उपसणारे आम्ही, देवराई झाडणारे आम्ही. मग हे गाव कुणाचं?

या दाव्याला आज अडचण धरणापेक्षा नव्या शेजाऱ्यांची आहे. काठावर, माळावर फार्महाऊसं उठली आहेत. त्यांच्या आवारात हिरवळ असते, बोअर असतात. भूजल असं की शेजारच्या बोअरने एखाद्या झऱ्याची धार तोडली तर ते सिद्ध करणं कठीण. झरा उपसताना इथे पहार वापरत नाहीत, फट हलेल म्हणून. गाळ हाताने काढतात. तिथून हाकेच्या अंतरावर यंत्राने शेकडो फूट खाली जातात. फार्महाऊसवाले वाईट लोक आहेत असं नाही. एक जण मागे पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणि बिस्किटं घेऊन डोंगरावर आले होते म्हणे. लोकांनी बिस्किटं खाल्ली आणि त्यांचं नाव हजेरीत धरलं नाही.

संध्याकाळी देवळात त्याच मुद्द्यावर घोळ झाला. तीन घरं गैरहजर. एकाची बायको बाळंत, माफ. दुसऱ्याने पैसे पाठवले होते. ते घ्यावेत की नाहीत यावर बराच वाद. पैसे घ्यायची सवय लागली तर पुढच्या वर्षी डोंगरावर फक्त म्हातारे दिसतील, असं एकीचं म्हणणं. शेवटी पैसे घेतले, पण बंधाऱ्याच्या रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांसाठी म्हणून, आणि माणूस पुढच्या कामाला दोन दिवस द्यायचा असं ठरलं. तिसरं घर भावाभावांत वाटणी होऊन एकाचं दोन झालेलं. चुली दोन म्हणजे माणसं दोन, यावर कुणाचंच दुमत नव्हतं, त्या भावांचं सोडून.

मग रात्रपाळीवाल्या पोराने विचारलं, फार्महाऊसवाल्यांची चूल धरायची का? काही जण हसले. आबा हसले नाहीत. "झऱ्याच्या वरल्या अंगाला बोर हाय त्यांची. पानी धरतात तर मानूसबी धरायचा." कुणीतरी म्हणालं, त्यांचा राखणदार येईल, ते स्वतः येणार नाहीत. राखणदार तर आपल्याच गावचा, तो त्याच्या घराकडून आधीच आलेला. त्याला दोनदा कसं मोजायचं? यावर पुन्हा गलका. पुढच्या रविवारी पायवाटेचं काम आहे, त्याआधी दोघांनी जाऊन मालकांशी बोलून यावं, असं ठरवून बैठक उठली. जायचं कुणी, यावर मात्र बाहेर चपला घालतानाही बोलणं चालूच होतं.