डीएमआर सुरू करताना: गप्प बसलेल्या सेटचा धडा

मागच्या पावसाळ्यात माझा पहिला डीएमआर हँडसेट आला आणि पुढचे नऊ दिवस त्यातून एक शब्दही ऐकू आला नाही. बटण दाबलं की लाल दिवा लागायचा, सोडलं की शांतता. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पीएचडी करणाऱ्या माणसाला हे जरा लागतंच! पण त्या नऊ दिवसांत मी जे शिकलो, ते संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हालाही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

आधी डीएमआर म्हणजे काय ते पाहू. डीएमआर म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ. युरोपातल्या ईटीएसआय या संस्थेने २००५ मध्ये हे मानक आणलं, ते मुख्यतः व्यावसायिक वॉकीटॉकीसाठी. हॅम मंडळींनी ते नंतर उचललं. याची गंमत अशी की १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन स्वतंत्र संभाषणं चालतात. वेळेचे ३० मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे. एक तुकडा पहिल्या संभाषणाला, पुढचा दुसऱ्याला, परत पहिल्याला. या तुकड्यांना टाइम स्लॉट म्हणतात.

मग प्रश्न पडतो: अर्धा वेळ सेट गप्प असेल, तर आवाज तुटत कसा नाही? कागद-पेन घ्या. आवाजाचं सांकेतिक रूप करणारा व्होकोडर दर २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे ७२ बिट करतो. त्यात चुका दुरुस्त करण्यासाठी लागणारे बिटही आले. असे तीन भाग म्हणजे ६० मिलिसेकंदांचं बोलणं, २१६ बिट. त्यात सिंक वगैरेचे ४८ मिळवा, झाले २६४. प्रसारणाचा वेग सेकंदाला ९६०० बिट. भागाकार केला की २७.५ मिलिसेकंद येतात. म्हणजे ६० मिलिसेकंदांचं बोलणं एका स्लॉटमध्ये बसतं आणि वर २.५ मिलिसेकंद मोकळे राहतात. कुठल्याही मानकाची अशी बेरीज स्वतः करून बघायची सवय लावून घ्या. ‘समजलं’ आणि ‘समजलंसं वाटलं’ यातला फरक तिथेच कळतो.

आता सुरुवात कशी करायची? सेट नंतर, परवाना आधी. भारतात केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा हॅम परवाना देते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीचं कॉलसाइन व्हीयू३ने सुरू होतं, जनरलचं व्हीयू२ने. कॉलसाइन मिळालं की त्यावर सात आकडी डीएमआर आयडी घ्यायचा. एक गोष्ट विसरू नका: या सेटमध्ये एन्क्रिप्शनची सोय असते, पण हॅमचं बोलणं कुणालाही ऐकता येईल असंच हवं. ती सोय बंद ठेवायची.

जवळ डीएमआर रिपीटर नसेल तर बरेच जण हॉटस्पॉट वापरतात. रास्पबेरी पायवर बसवलेलं हे छोटं रेडिओ मोडेम टेबलावर राहतं आणि इंटरनेटवरून ब्रँडमाइस्टरसारख्या जाळ्याशी जोडलं जातं. अशी जोडणी करण्याआधी आपल्या परवान्याच्या अटी नीट वाचून घ्या. मग कोडप्लग, म्हणजे सेटमध्ये भरायची सगळ्या सेटिंगची फाइल. त्यात चॅनेलची फ्रिक्वेन्सी, कलर कोड (० ते १५ पैकी एक आकडा), टाइम स्लॉट आणि टॉकग्रुप भरायचा. टॉकग्रुप म्हणजे गप्पांचा कट्टा, भारताचा ४०४. पहिली चाचणी मात्र ९९९० वर करायची. याला पॅरट म्हणतात. तुम्ही बोललात की तो पोपट तेच तुम्हाला परत ऐकवतो.

माझा पोपट काही बोलेना. मी काय केलं? कलर कोड बदलला, स्लॉट बदलला, कोडप्लग पुसून दुसरा टाकला, सगळं एकाच रात्रीत. दहाव्या दिवशी वैतागून वही काढली आणि आवाजाचा रस्ता लिहून काढला: सेट, हॉटस्पॉट, सर्व्हर, आणि तिथून परत. मग विचारलं, आवाज नेमका कुठपर्यंत पोचतोय?

हॉटस्पॉटचा डॅशबोर्ड उघडला. बटण दाबलं, तर माझं कॉलसाइन तिथे उमटलंच नाही. म्हणजे अडचण पहिल्याच टप्प्यात! हॉटस्पॉटवर कलर कोड १ होता, सेटमध्ये ०. तो सारखा केल्याबरोबर कॉलसाइन दिसलं. पोपट तरी गप्पच. पण आता पहिला टप्पा संशयातून सुटला होता. पुढे बघितलं तर ९९९० मी ग्रुप कॉल म्हणून भरला होता, तो प्रायव्हेट कॉल हवा. तो बदलला आणि माझाच घोगरा आवाज मला ऐकू आला. आई आतून म्हणाली, “कोणाशी बोलतोयस रे एवढ्या रात्री?”

‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हे आपल्याला पहिल्या दिवसापासून सांगतात. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. माझ्याकडे दोन चुका होत्या. त्यातली कुठलीही एक दुरुस्त केली तरी शेवटचा निकाल तोच, शांतता. फक्त शेवटाकडे बघत राहिलो असतो, तर बरोबर केलेला बदलही चूक समजून परत फिरवला असता. कदाचित त्या नऊ दिवसांत मी तसं केलंही असेल. नोंदच नाही, तर सांगणार कसं?

तुमचा प्रयोग, तुमचा कोड, तुमचं उपकरण असंच कधीतरी गप्प बसेल. तेव्हा सेटिंग बदलायला हात लावण्याआधी रस्ता कागदावर काढा, मधल्या प्रत्येक टप्प्यावर डोकावायला एक खिडकी शोधा, आणि काय दिसलं ते तारीख घालून लिहा. माझ्या वहीत त्या पानावर एवढंच आहे: “कलर कोड १. कॉलसाइन दिसलं. पोपट गप्प.” नऊ दिवसांतली तीच पहिली कामाची नोंद.